तापलेल्या हळदीचा वास

तापलेल्या धुळीला स्वतःचा एक वास असतो. भिजलेल्या मातीला कितीतरी कवी मिळाले; ह्या वासाला मात्र कुणी वाली भेटला नाही. बंद पेटीत, ऊबदार यंत्राच्या अंगावर महिनोन्‌महिने साचत गेलेली आणि मंद आचेवर भाजत गेलेली ती धूळ. तिच्यात थोडी लाख असते, थोडं जुनं लाकूड, थोडा जळता जळता राहिलेला कापूस. परवा खंडेनवमीच्या सकाळी माझ्या नातीने, तन्वीने, घरातल्या कॉम्प्युटरच्या पेटीचं बाजूचं झाकण काढलं आणि तो वास दिवाणखाना ओलांडून देवघरापर्यंत आला. मी झेंडूच्या माळा ओवत बसले होते. सुई अर्ध्या फुलात राहिली आणि मी उठून वासामागे गेले. वासामागे जाण्याची ही खोड मला लहानपणापासूनची आहे, आणि एका दिवाळीच्या दिवसांत ह्या खोडीचं घरात फार कौतुक झालं होतं.

कॉम्प्युटरने काही दिवस मौन धरलं होतं. कळ दाबली की पंखा घरघरे, पडदा काळाच राही आणि आतून एक बारीक शिट्टी थांबून थांबून येई, कुणी दाराबाहेर उभं राहून संकोचाने खाकरावं तशी. तन्वी कॉलेजात इतिहास शिकते, पण ह्या पेटीची काळजी तिने स्वतःकडे घेतली आहे. तिने आधी भिंतीतली वायर काढली. मग मांडी घालून स्वस्थ बसली. आता कसली वाट पाहतेस, असं मी विचारलं, तर म्हणाली, वायर काढली तरी आत थोडी वीज मुरलेली असते, आजी, लगेच हात घालायचा नसतो. मला हसू फुटलं. हीच ताकीद, थोड्या वेगळ्या शब्दांत, मी माझ्या वडिलांच्या तोंडून दर रविवारी ऐकत असे. मग तिने रंगाचा मऊ कुंचला घेतला आणि पंख्याच्या पात्यांवरची धूळ झाडायला सुरुवात केली. मी पूजेचं तबक घेऊन आले तेव्हा तिने वर न बघताच बजावलं, "फुलं बाजूला ठेव. आणि आजी, अक्षता नकोत हं."

"तुझ्या पणजीला हे कुणीतरी सांगायला हवं होतं," मी म्हटलं, आणि तिला ती हकीकत सांगता सांगता मीच त्या आश्विनात जाऊन पोचले.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराचा तो आश्विन. आम्ही भिंगारला, छावणीच्या कडेच्या कौलारू चाळीत राहत होतो. आप्पा, म्हणजे माझे वडील, लष्कराच्या एका भांडारात कारकून होते. मी नगरच्या कॉलेजात नुकती जाऊ लागले होते आणि वृत्तांच्या प्रेमात पडले होते. सायकलच्या घंटेत, रहाटाच्या कुरकुरीत, पापड लाटणाऱ्या बायकांच्या बांगड्यांत मला लघु-गुरू ऐकू येत. पावसाळा सरून आभाळ इतकं निवळलेलं असे, की छावणीतल्या बिगुलाचा सूर काचेवरून ओघळणाऱ्या थेंबासारखा एका रेषेत खाली उतरे. ऊन झणझणीत आणि सावली गार. अंगणात उन्हाला टाकलेल्या गोधड्यांचा कोमट वास, खळ्यांकडून येणारा बाजरीच्या कणसांचा तुरट वास, आणि दारोदारच्या झेंडूंचा तो नाकात शिरून बसणारा, जरासा औषधी, जरासा उन्मत्त वास. दसऱ्याच्या आधीच्या त्या दिवसांत हवेलाच कसलीतरी घाई झालेली असे.

आमच्या घरात यंत्र असं एकच होतं, रेडिओ. तो विकत आणलेला नव्हता. आप्पांनी तो बांधला होता. भिंगारच्या बाजारात लष्कराच्या मोडीत निघालेल्या सामानाचे ढीग लागत. त्यातून आप्पा कधी एखादं चक्र, कधी तांब्याच्या तारेचं वेटोळं, कधी काचेचा व्हॉल्व्ह धुतल्या बोरासारखा रुमालात बांधून आणत. चहाच्या खोक्याच्या फळ्या तासून, पॉलिश करून त्यांनी पेटी केली. वरच्या फळीला उष्मा जायला भोकं पाडली. स्पीकरच्या तोंडावर लावायचं जाळीचं कापड काही मिळेना, तेव्हा आईने आपल्या लग्नातला एक हिरवा खण काढून दिला. त्यामुळे साऱ्या जगाच्या बातम्या आमच्या घरी आईच्या चोळीच्या खणातून गाळून येत. स्टेशनांची नावं आप्पांनी पुठ्ठ्यावर काळ्या शाईने लिहिली होती. सिलोन, मुंबई, आणि त्यांच्यापेक्षा जरा जाड अक्षरात पुणे.

तो सुरू केल्या केल्या बोलत नसे. आधी पेटीच्या फटींतून केशरी उजेड दिसे, मग ऊब येई, मग एक खोल घरघर, तंबोरा जुळवताना भरून येणाऱ्या षड्जासारखी, आणि त्या षड्जातून हळूहळू माणसाचा आवाज आकाराला येई. आवाज येण्याआधीच्या त्या क्षणभराच्या घरघरीत माझा जीव गोळा होत असे. पुढे आयुष्यात पुष्कळ कवितांच्या पहिल्या ओळीची वाट मी त्याच जिवाने पाहिली.

रविवार हा रेडिओचा अभ्यंगाचा दिवस. आप्पा वायर काढत, सुपारी कातरत बसत आणि पेटी निवल्यावरच मागची फळी उघडत. बंद केलेला रेडिओसुद्धा चावतो, हे त्यांचं सांगणं. मग उंटाच्या केसांच्या कुंचल्याने एकेका व्हॉल्व्हवरची धूळ टिपत. मला आत हात घालायला बंदी होती, पण नाक घालायला नव्हती. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून तो वास घेई. माझ्याकडे एकच अधिकृत काम होतं, रेडिओला पाणी घालण्याचं. जमिनीत जाणारी त्याची तार आप्पांनी तुळशीच्या बुंध्याशी पुरली होती आणि तिथली माती ओली असली तर आवाज स्वच्छ येई. तुळशीला तांब्याभर पाणी पडलं की रेडिओचा घसा साफ होतो, असं आईचं शास्त्र होतं, आणि ते अगदी बरोबर होतं.

आईचं माहेर केडगावचं. तेव्हा ते शेताशिवारांनी वेढलेलं गाव होतं. पुणे रस्त्याने एस.टी. थांबली की दोन्ही अंगांना बाजरी. नवरात्रात देवीच्या यात्रेला आई मला घेऊन मामाकडे गेली, आणि नेमकी त्याच दिवशी पुण्याच्या रेडिओ केंद्राची गाडी गावात आली होती. त्यांना बायकांच्या तोंडची गाणी ध्वनिमुद्रित करायची होती. मामाच्या अंगणात गावच्या बायका जमल्या. कुणी पदर तोंडात धरून हसत होत्या, कुणी एकमेकींना पुढे ढकलत होत्या. त्या साऱ्यांत आई पुढे झाली, म्हणजे तिला ढकलणाऱ्या दोघी बाजूला सरल्या आणि ती एकटीच पुढे उरली. मग तिने डोळे मिटले आणि जात्याचा खुंटा हातात असल्यासारखी मूठ वळून म्हटलं:

बारवेच्या तोंडी, हाक मारिते वाकून
कोन माजी सई, मला बोलावी आतून

ही ओवी तिची स्वतःची होती. कधी रचलीस असं मी नंतर विचारलं, तर म्हणाली, रचती कशाला, जात्यात दाणं पडलं की पीठ पडतं, तसं पडलं. कविता कागदावर असते असं मला तोपर्यंत वाटत होतं. कॉलेजात मी मात्रा मोजत होते, आणि इकडे माझी निरक्षर आई मात्रेला मात्रा बिनचूक लावून मोकळी होत होती, ह्या शोधाने मी इतकी हरखले की यात्रेतली बत्तासे-रेवड्यांची दुकानं मला दिसलीच नाहीत.

यंत्रावर बसलेल्या गृहस्थांनी कानांवरच्या काळ्या वाट्या काढल्या आणि बाईंनी पुन्हा एकदा म्हणावं अशी विनंती केली. आई तर उठूनच उभी राहिली. "एकदा म्हनली ती म्हनली. पुन्यांदा कशापायी? इसरले व्हय लगीच?" अंगण हसण्याने फुटलं. ते गृहस्थही हसले, बॅटरी संपत आली आहे तेव्हा हेच ठेवू असं म्हणाले, आणि जाताना सांगून गेले की भाऊबीज झाल्यावरच्या मंगळवारी, दुपारी बायकांच्या कार्यक्रमात, हे लागेल. मुद्रित झालेलं आईला ऐकवायला त्यांना सवड झाली नाही.

परतताना एस.टी.त आईने खिडकीची जागा धरली. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "आपला आवाज म्या फकस्त बारवेतच ऐकलाय, मंदे. लहान असताना. तो बी पान्याचा का माजा, काय ठावं." तेव्हापासून तिच्या अंगात एक हुरूप शिरला. भाकरी थापताना, विहिरीवर, पदर सावरताना ती एकदम थबके आणि स्वतःशीच हसे. आपण कशा ऐकू येतो हे तिला जाणून घ्यायचं होतं. एवढीच तिची इच्छा होती, आणि तिने आजवर घराकडे कसलीच इच्छा बोलून दाखवली नसल्यामुळे ती एकटीच घरभर झाली होती.

त्या उत्साहात खंडेनवमी आली. हत्यारांची, अवजारांची पूजा. विळी, पाटा, आप्पांची सायकल, माझं फाउंटन पेन, पेचकस, आणि सर्वांच्या मधोमध पाटावर रेडिओ. आईच्या माहेरचा कुलदेव खंडोबा, त्यामुळे तिची कोणतीही पूजा हळदीत न्हाऊन निघे. अक्षतासुद्धा ती भंडाऱ्यात माखून पिवळ्याजर्द करी. एरवी रेडिओच्या वाट्याला चिमूटभर अक्षता येत. त्या वर्षी तिने त्याचं क्रोशाचं आच्छादन काढलं, त्याला मोठं गंध लावलं, झेंडूची माळ घातली आणि ओंजळ भरून अक्षता वाहिल्या. पिवळे दाणे फळीवर टपटपले, काही घरंगळले, काही त्या उष्म्याच्या भोकांत दिसेनासे झाले. आम्ही सगळे हात जोडून उभे होतो. कुणाच्या मनात काही आलं नाही. देवाला वाहिलेलं कुठे जातं, हे कोण बघत बसतं?

दसऱ्याच्या सकाळी आप्पांनी काटा पुण्यावर आणला आणि रेडिओने खर्र केलं. मक्याच्या लाह्या फुटाव्यात तसा तो आवाज, आणि मग शांतता. काटा मागे घेतला तर मुंबई खणखणीत बोलत होती. सिलोनवर गाणं चाललं होतं. पुन्हा पुण्याकडे नेला की खर्र.

"आवं, मुंबई बोलतीया, सिलोन गातंय, मंग पुन्याचंच तोंड का शिवलंय?" आईने विचारलं. हा प्रश्न किती नेमका होता हे आम्हाला फार उशिरा कळलं.

त्यापुढचे दिवस म्हणजे आमच्या घरातली एक मोहीमच होती. आप्पांची पद्धत ठरलेली. आधी जे चालतं आहे त्याला धन्यवाद द्यायचे: आवाज येतो, म्हणजे स्पीकर जिवंत, मुंबई येते, म्हणजे व्हॉल्व्ह बहुधा जिवंत. मग संशयितांना एकेक करून बोलवायचं. आवाज पकडणारी छपरावरची एरियलची तांब्याची पट्टी त्यांनी उतरवून, चिंचेने घासून पुन्हा चढवली. खर्र. तुळशीची तार उकरून नवी पुरली. खर्र. एका संध्याकाळी मी अधीर होऊन म्हटलं की सगळंच एकदम बदलून टाकू, तर ते म्हणाले, "दोन गोष्टी एकदम बदलल्या, की बरं कशानं झालं ते कळत नाही, मंदा. आणि जे कळलं नाही ते उद्या पुन्हा बिघडतं." पुढे संसारात, आजारपणात, लिहिण्यात हे वाक्य मला जेवढं उपयोगी पडलं तेवढं दुसरं क्वचितच. आणि खरं सांगायचं तर त्या मोहिमेत एक विलक्षण गोडी होती. रोज संध्याकाळी आप्पांच्या सायकलची घंटा वाजली की मी दाराकडे धावे: आज सापडणार! तारांना डाग देताना उठणारा कथलाचा धूर, रोझिनचा देवळातल्या राळेसारखा वास, आणि एकेक संशयित निर्दोष सुटताना वाढत जाणारी उत्कंठा. रहस्यकथा वाचण्यापेक्षा हे कितीतरी पटीने बहारीचं होतं, कारण ह्यात शेवटी आईचा आवाज होता.

दुकानात का नेला नाही, असं तन्वीने विचारलं. नेला असता तर दुकानदार म्हणाला असता, ह्याचा नकाशा आणा. आणि नकाशा फक्त आप्पांच्या डोक्यात होता. मग शेजारी? शेजारच्या घरी चांगला मोठा रेडिओ होता, आणि शेजारच्या वहिनींनी आईला चहासकट आमंत्रणही देऊन ठेवलं होतं. पण आई बधली नाही. "दुसऱ्याच्या घरात जाऊन आपला आवाज ऐकायचा, आन् तितं तो भसाडा निगाला, तर म्या पळायचं कुटं?" आप्पा मोठ्याने हसले खरे, पण त्या दिवसानंतर सुपारी कातरताना त्यांचे हात जरा जोरात चालू लागले. हा रेडिओ त्यांनी बांधला होता. ह्या घरी त्याने आजवर साऱ्यांना बोलू दिलं होतं.

दिवाळी आली. चिवड्याची फोडणी, शेवेचा घाणा, उटणं, वाटणं. त्या दिवसांत आमच्या चाळीत हवेचा एकही घोट हळद-हिंगाशिवाय मिळत नसे. रेडिओजवळ बसलं की मला हळदीचा वास येई, आणि मी तो स्वयंपाकघराच्या खात्यावर टाकून देई. भाऊबीज झाली. मंगळवार उजाडला. पुणे अजून मुकंच होतं.

त्या सकाळी आईने चूल पेटवली नाही. घशाखाली घास उतरायचा नाही म्हणाली. आप्पांनी आदल्या दिवशीची भाकरी ठेच्याबरोबर खाल्ली, विजारीला सायकलची क्लिप लावली आणि उंबऱ्यात थांबले. दुपारच्या सुट्टीत येण्याचा प्रयत्न करतो, असं म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तोवर तू बघ. वायर काढ, थांब, आणि एका वेळी एकच." एवढं सांगून ते गेले. नाक घालण्याच्या परवानगीपासून हात घालण्याच्या परवानगीपर्यंत मी एका वाक्यात पोचले होते.

मी आधी रेडिओ लावला आणि काटा पुण्याकडे नेला. खर्र. पुन्हा. खर्र. मग मी काही न करता तशीच बसून राहिले. पेटी तापू लागली, केशरी उजेड स्थिरावला, आणि मला वास आला. धुळीचा, लाखेचा, आणि त्यांच्या खाली अगदी स्पष्ट, तव्यावर परतावी तशा हळदीचा. मी स्वयंपाकघरात गेले. चूल गार. शेजारी वाकून पाहिलं, तिकडेही धूर नव्हता. परत आले, खणाला नाक लावलं, वरच्या भोकांना लावलं. वास तिथून येत होता. फोडणी रेडिओच्या पोटात पडत होती.

वायर काढली. थांबणं किती अवघड असतं ते त्या दिवशी कळलं. आप्पांची सुपारीच मी कातरून टाकली, मला खाता येत नसताना. मग फळी उघडली. व्हॉल्व्हच्या पायथ्याशी, लोखंडी पत्र्यावर, पिवळे दाणे भाजून तांबूस झाले होते. आप्पांचे रविवार छपरावर आणि तुळशीपाशी गेले होते, आणि संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यात हे पिवळे दाणे त्यांना दिसले नव्हते. ते कुणालाच काही करत नव्हते. मी बाहेरून डायल हळूच फिरवली आणि आत बघत राहिले. डायलच्या मागे पातळ पत्र्यांचे दोन जुडगे असतात. काटा सरकला की एक जुडगा दुसऱ्यात शिरतो, एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या बोटांत गुंफावीत तसा. मुंबईपर्यंत ती बोटं सुरळीत गुंफत गेली. पुण्यापाशी अडली. तिथे, दोन पत्र्यांच्या मध्ये, एक पिवळी अक्षता उभी रुतून बसली होती, आणि तिने वाकवलेला पत्रा शेजाऱ्याला टेकला होता. आईने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नेमकं तिथे होतं.

मी आईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, वाकली आणि बराच वेळ बघत राहिली.

"माज्याच हातची की गं ही," ती म्हणाली. "म्याच माजा गळा दाबला."

आणि आम्ही दोघी हसत सुटलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, पोट धरून. मग ती गोधडीची लांब सुई घेऊन आली. जन्मभर तांदळातून खडे वेचलेली ती बोटं. पत्र्याला धक्का न लावता तिने तो दाणा अलगद उचलला, कपाळाला लावला आणि तुळशीत नेऊन टाकला. वाकलेला पत्रा सरळ करायला काहीतरी पातळ, पण ताठ हवं होतं. मामेबहिणीच्या लग्नाची पत्रिका खुंटीला होती. तिची पट्टी कापून मी ती प्रत्येक फटीतून हळूहळू फिरवली. पत्रे सुटे झाले. आता डायल फिरवली की बोटं बोटांत गुंफत होती आणि कुणी कुणाला शिवत नव्हतं.

इथवर आले तेव्हा तन्वी कॉम्प्युटरच्या स्मृतीची पट्टी हातात धरून ऐकत होती. हिरवी, बोटभर रुंद, आणि तिच्या कडेला सोनेरी दात. तिने माझ्याकडे खोडरबर मागितलं. मी चकित झाले. पण तिने ते त्या दातांवरून हलक्या हाताने घासलं, पेन्सिलची चुकलेली ओळ पुसावी तसं, फुंकर घातली आणि पट्टी खाचेत कट्ट आवाज होईस्तोवर दाबली. बाकी कशालाही हात लावला नाही. एका वेळी एकच, असं मी मनात म्हटलं. कळ दाबली, पंखा घरघरला. शिट्टी आली नाही. पडदा उजळला, आणि आम्ही आजी-नातींनी एकमेकींना टाळ्या दिल्या. ती घरघर ऐकताना माझा जीव तसाच गोळा झाला होता. यंत्रं बदलली, पण आवाजाआधीचा तो क्षण बदललेला नाही.

तन्वीने लगेच विचारलं, पणजीची ती ओवी इथे शोधूया का? तिने शोधली. आईचं नाव, केडगाव, ओवीचे शब्द, सगळं घालून पाहिलं. पडद्यावर पुष्कळ काही आलं, ती आली नाही. त्या काळी फिती पुसून पुन्हा वापरत, असं मी कधीतरी ऐकलं होतं. आज ह्या पेटीत हवं ते हवं तेवढ्यांदा ऐकता येतं. तन्वीची पिढी एखादं गाणं सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरवत राहते आणि मला त्याचा मुळीच राग येत नाही, उलट हेवा वाटतो. आईचा आवाज माझ्या कानाबाहेर आता कुठेही नाही. पण माझ्या कानात तो आहे, आणि खणातून गाळून आलेला आहे.

कारण त्या मंगळवारी पुणे बोललं. मी वायर जोडली, केशरी उजेड आला, षड्ज भरला, मी काटा सरकवला, आणि जिथे इतके दिवस लाह्या फुटत होत्या तिथे एक बाई अगदी शेजारी बसल्यासारखी बोलू लागली. आई पाटावर बसली होती, काठापदराचं लुगडं नेसून, जणू तिलाच कुणी बघणार होतं. शेजारच्या वहिनी आपला चहा घेऊन आमच्याकडेच आल्या आणि उंबऱ्यात टेकल्या. बाहेर सायकल भिंतीला आदळल्याचा आवाज झाला. एरवी ती स्टँडवर लावल्याशिवाय आप्पा पाऊल उचलत नसत. दारात उभे राहून त्यांनी आधी उघड्या पेटीकडे, मग ताटलीत मी काढून ठेवलेल्या भाजक्या अक्षतांकडे पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. "तुझ्या गाण्याआधी तुझा नैवेद्य पोचला म्हणायचा," एवढंच आईला म्हणाले. आईने त्यांना हाताने गप्प केलं.

निवेदिकेने केडगावचं नाव घेतलं. मग अंगणातली कुजबुज, एक दबलेलं हसू, आणि मग ती ओवी. घरात रोज ऐकलेला आवाज, आणि तरी अनोळखी. वर आलेला, ओला, खोलातून चढत आलेला. आईने आधी भुवया आक्रसल्या, ही कोण म्हणावं तशा. मग तिची मान हळूच हलली. तिने पुढे होऊन तळहात खणावर ठेवला, आणि तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या त्या आवाजाने किंचित किणकिणल्या. आवाज पुढे चालला, ओवी आत वळली, मिटली. निवेदिका बाळाच्या आंघोळीबद्दल काही सांगू लागली.

आप्पा दारातच होते. वहिनींचा चहा निवला होता. आईने हात तसाच खणावर ठेवला, माझ्याकडे वळून पाहिलं, आणि बारवेवर वाकलेल्या लहान मुलीच्या तोंडाने म्हणाली, "पुन्यांदा."